सीटाइल अल्कोहोलला मद्यार्क म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: क्रीमच्या डबीवर पुढे ठळक अक्षरांत 'अल्कोहोल-फ्री', आणि मागे घटकांच्या यादीत 'सीटाइल अल्कोहोल'. खरं काय? आणि या मेणचट पदार्थाला मराठीत 'सीटाइल मद्यार्क' म्हटलं तर चालेल का?

मद्यार्क नको. तो शब्द ऐकला की भुर्रकन उडून जाणारं, दारूतलं द्रव्य आठवतं. हे तर पांढरं, पापुद्र्यांसारखं मेण. सुमारे ४९ अंश सेल्सिअसला वितळणारं, पाण्यात न विरघळणारं. रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुटुंबाचं आडनाव आहे. दारूतल्या इथाइलच्या साखळीत कार्बनचे २ अणू, सीटाइलच्या साखळीत १६. साखळी एवढी लांबली की उडणं संपतं आणि त्वचा मऊ राखण्याचा गुण येतो. डबीवरचं 'अल्कोहोल-फ्री' इथाइलपुरतं असतं, त्यामुळे पुढचं-मागचं दोन्ही खरं.

'सीटाइल'मध्ये चक्क देवमासा आहे! ग्रीक 'केटोस', लॅटिन 'सीटस' म्हणजे देवमासा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८१७ साली हे द्रव्य स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या मेणापासून मिळवलं. आता ते बहुधा पामतेलासारख्या तेलांपासून करतात. मासा नावापुरता उरला.

पण खरी गंमत आडनावात. अरबी 'अल-कुहल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. सुरम्यावरून कुठलीही वस्त्रगाळ पूड, पुडीवरून पदार्थाचं सत्त्व, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याच्या लेखणीतून वाइनचं सत्त्व, असा अर्थ सरकत गेला. म्हणजे शब्द निघाला शृंगारपेटीतून, दारूच्या भट्टीत जाऊन आला आणि क्रीमच्या डबीत परतला. मद्यार्कातला 'अर्क'ही अरबीच बरं का, मूळ अर्थ घाम. ऊर्ध्वपातनात थेंब जमतात ते घामासारखेच.

म्हणून मी 'सीटाइल अल्कोहोल' असंच लिहितो. 'सेटिल'ही दिसतं, पण इथाइल-मिथाइलच्या पंगतीला 'सीटाइल' बरं बसतं.

जाता जाता, प्रश्नातल्या 'मेणचट'बद्दल. मेणचट होते ती शर्टाची मळकी कॉलर. त्या शब्दाला चिकट कळकटपणा आहे. हे पापुद्रे बोटांत चोळले तर गुळगुळीत लागतात. 'मेणासारखा' म्हणा. आणि एमोलियंटला, म्हणजे त्वचा मऊ राखणाऱ्या अशा द्रव्याला, कुणी 'मृदुकारी' सुचवलं तर मला एखाद्या सरकारी हुद्द्याचा भास होतो. आपला 'स्निग्ध' काय वाईट आहे?