मास्क धुताय, पण वाळवताय का?

मागच्या अंकात स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकण्याबद्दल लिहिलं होतं. वाटलं घोरण्यावर पत्रं येतील, पण आली ती जवळजवळ सगळी त्यावरच्या मशीनच्या, म्हणजे रात्रभर मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वास अडकू न देणाऱ्या सीपॅपच्या, साफसफाईची. म्हणजे मशीन घरी येतं, एक माणूस येऊन पंधरा मिनिटांत लावून दाखवून जातो, आणि रोज त्याचं नेमकं काय करायचं हे विचारायचं राहूनच जातं. मी स्वतः गेली कितीतरी वर्षं सीपॅप लावून झोपतोय आणि करायच्या त्या सगळ्या चुका करून बसलोय, म्हणून यावेळी उत्तरं मीच देतो. तुमच्या मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत वेगळं काही लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

प्रश्न: मशीन घेऊन तीन महिने झाले. मी दर रविवारी सगळं एकदम धुतो. रोज धुवा म्हणतात ते खरंच रोज का हो? आणि आता मास्क गालापाशी हवा सोडायला लागलाय, पट्टे आवळले तर सकाळी नाकावर लाल वळ दिसतो.

सगळं रोज नाही, पण चेहऱ्याला टेकणारं सिलिकॉनचं कुशन मात्र रोज. तुमचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. रात्रभर चेहऱ्याचं तेल आणि घाम कुशनला लागतो, सिलिकॉन गुळगुळीत होतं, मग ते कातडीवर नीट बसत नाही, सरकतं आणि फुस्स करून हवा सुटते. हवा सुटली की आपण काय करतो, पट्टा आवळतो. पट्ट्यानं दाबून कुशन बसवायचं नसतंच मुळी, आतल्या हवेनं फुगून ते आपोआप बसायला हवं, आवळलं की ते चपटं होतं आणि उलट जास्त सुटतं. मग वळ, मग फोड, मग "मला हे मशीन सोसत नाही" म्हणून ते कपाटात.

सकाळी उठल्यावर कुशन सुटं करा, कोमट पाणी, साधा सौम्य साबण किंवा लहान मुलांचा शाम्पू, बोटांनी चोळा, भरपूर पाण्यानं धुवा, झटका आणि सावलीत कोरड्या कापडावर ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. वासाचा साबण नको, मॉइश्चरायझरवाला तर अजिबात नको कारण त्याचा थर तसाच राहतो. ब्लीच, स्पिरिट, सॅनिटायझर वगैरेनी सिलिकॉन कडक होतं आणि त्याला चिरा पडतात. कडक उन्हात वाळवायचा मोह होतो, मलाही व्हायचा, पण उन्हानं ते लवकर पिवळं पडतं. आणि ओलं कुशन डबीत किंवा पिशवीत बंद करून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रणच, त्यापेक्षा एखाद्या दिवशी नुसतं पुसून उघडं ठेवलं तरी परवडलं. लोक धुतात मन लावून, पण वाळवायला वेळ देत नाहीत.

दुसरं, झोपायच्या आधी तोंड धुवा. क्रीम लावून मास्क चढवला तर सकाळची सगळी मेहनत वाया. दाढीवाल्यांना केसांमधून हवा सुटण्याचा त्रास होतोच, त्यांनी नाकपुड्यांत बसणारा छोटा प्रकार विचारून बघावा.

पट्टे आठवड्यातून एकदा हातानं धुतले तरी पुरे. धुण्याआधी पट्टा जिथे चिकटवलेला असतो तिथे पेननं बारीक खूण करून ठेवा, नाहीतर परत ती जागा शोधण्यात दोन रात्री जातात (माझ्या गेल्यात). आणि मास्कची मापं बसून जुळवू नका, मशीन चालू करून, आडवं होऊन, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर जुळवा. एवढं करूनही हवा सुटतच असेल, कुशन धुरकट किंवा मऊ लिबलिबीत झालं असेल, तर त्याचं आयुष्य संपलं, नवीन घ्या. काही महिन्यांनी ते बदलावं लागतंच.

अजून एक, मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं असतात ना, त्यातून सतत हवा येते म्हणून काही जण ती लीक समजून चिकटपट्टीनं बंद करतात. नका करू! आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. उलट ती भोकं मऊ ब्रशनं साफ ठेवायची.

प्रश्न: टाकीत कुठलं पाणी घालायचं? घरात फिल्टर आहे, शिवाय उकळून घेतो, तरी बुडाशी पांढरा थर येतोच. तो फुप्फुसात जात असेल का अशी भीती वाटते.

आधी भीती काढतो. हवा ओलसर करायला मशीनला जी टाकी असते तिच्यातलं पाणी फवारा होऊन उडत नाही, खालची पट्टी ते कोमट करते आणि त्याची वाफ हवेबरोबर जाते. क्षार वाफेबरोबर जात नाहीत, ते टाकीतच राहतात आणि तोच तुमचा पांढरा थर. उकळल्यानं जंतू मरतात पण क्षार कुठे जाणार, उलट पाणी आटलं की ते जास्तच दाट होतात. फिल्टरनं कमी होतात, पूर्ण जात नाहीत. म्हणून डिस्टिल्ड वॉटर सांगतात. एखाद्या रात्री नाहीच मिळालं तर उकळून पूर्ण थंड केलेलं चालवून घ्या, पण सवय करू नका.

जंतूंची गोष्ट मात्र खरी. टाकीतलं पाणी कोमट होतं, उकळत नाही, आणि कोमट साचलेलं पाणी जंतूंना फार आवडतं. त्यामुळे काल उरलेल्या पाण्यात आज वरून भर घालायची नाही. सकाळी ओतून टाका, विसळा, झाकण उघडं ठेवून वाळू द्या, रात्री ताजं पाणी. हे जमलं तर अर्धं काम झालं. आठवड्यातून एकदा साबणानं धुवा. कडेनं गुलाबी किंवा बुळबुळीत काही दिसलं तर ते क्षार नव्हेत, ती जंतूंची वसाहत आहे, लगेच घासून काढा. पांढऱ्या थरासाठी एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी घालून अर्धा तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. चीर गेलेली किंवा कायमची धुरकट झालेली टाकी बदला.

चोंदलेल्या नाकासाठी पाण्यात निलगिरीचं तेल, कापूर, अत्तर असलं काही घालू का असं तीन जणांनी विचारलंय. तिघांनाही नको. तेल रात्रभर थेट श्वासात जातं आणि प्लास्टिकही खराब करतं.

आता माझी फजिती. प्रवासाला निघताना टाकी रिकामी न करता मशीन बॅगेत आडवं टाकलं होतं. पोचल्यावर बॅग ओली, रात्री मशीन लावलं तर आतून गुळण्या केल्यासारखा आवाज आणि मग बंदच. पाणी मोटरपर्यंत गेलं होतं. पुढचे नऊ दिवस मशीनशिवाय काढले आणि घरच्यांना माझ्या घोरण्याची नव्यानं ओळख झाली. तेव्हापासून मशीन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं असलं तरी आधी टाकी काढतो.

प्रश्न: जाहिरातीत एक पेटी दाखवतात, मास्क आत ठेवा, बटण दाबा, ओझोननं सगळं निर्जंतुक, धुवायची गरजच नाही. घ्यावी का?

मी घेतलेली नाही आणि घेणारही नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं फेब्रुवारी २०२० मध्ये सरळ इशारा दिला होता की ओझोन किंवा अतिनील किरणांवर चालणाऱ्या अशा सफाईयंत्रांना त्यांनी तोपर्यंत मंजुरी दिलेली नव्हती. कारण समजायला सोपं आहे. जंतू मारण्याइतका ओझोन म्हणजे तो फुप्फुसांनाही झोंबणाराच असणार, आणि तो नळीत किंवा मास्कमध्ये उरला तर आपण तोंडावर लावून झोपणार. खोकला, डोकेदुखी, दम्याचा त्रास वाढल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आलेल्या होत्या. किरणांचं म्हणाल तर ते जिथे पडतात तिथेच काम करतात, वळ्यावळ्यांच्या नळीच्या आत सावलीतल्या कोपऱ्यात ते पोचणार कसे?

शिवाय जून २०२१ मध्ये फिलिप्सनं आपली लाखो मशीनं परत मागवली होती ते बऱ्याच जणांना आठवत असेल. आवाज कमी करायला आत पॉलियुरेथेनचा फोम बसवलेला होता, त्याचा चुरा होऊन कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका निघाला. ओझोनसारख्या मान्य नसलेल्या सफाईमुळे तो फोम आणखी लवकर खराब होऊ शकतो असं तेव्हा सांगितलं गेलं. आणि मुख्य म्हणजे चेहऱ्याचं तेल आणि टाकीतले क्षार वायूनं जातच नाहीत, त्याला साबण-पाणीच लागतं. मग पेटी करणार काय?

प्रश्न: मध्यरात्री नळीत गुडगुड आवाज येतो आणि तोंडावर पाणी उडतं. दचकून उठायला होतं.

गरम ओलसर हवा थंड नळीतून येताना पाणी होतं, गार ग्लासावर बाहेरून थेंब जमतात तसंच. ओलावा एक-दोन अंशांनी कमी करा, नळीला कापडी कव्हर घाला किंवा ती पांघरुणाखालून घ्या, मिळत असेल तर गरम होणारी नळी घ्या. मशीन उशीपेक्षा खाली ठेवा म्हणजे जमलेलं पाणी टाकीकडे परत जाईल.

नळी आठवड्यातून एकदा धुवा, आत साबणाचं पाणी भरून दोन्ही टोकं धरून हलवायची, दोन-तीनदा स्वच्छ पाणी फिरवायचं आणि दोन्ही टोकं खाली राहतील अशी टांगायची. संध्याकाळपर्यंत आत थेंब दिसले तर मशीनला जोडून, टाकी न लावता, दहा-पंधरा मिनिटं हवा सोडा. गरम होणाऱ्या नळीत तार असते, तिचं विजेचं टोक पूर्ण कोरडं झाल्याशिवाय जोडू नका. नळी कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकणारे पण आहेत, त्यांना हात जोडतो.

प्रश्न: मशीनचा हवेचा फिल्टर काळपट झालाय. दोनदा धुतला, आता तो विरविरीत दिसतोय.

तुमचा पांढरा, पातळ कागदासारखा असणार. तो धुवायचा नसतोच. धुतला की त्याचे तंतू मोडतात, दिसायला स्वच्छ पण धूळ आरपार. साधारण महिन्यानं फेकायचा, घरात धूळ, पाळलेलं जनावर किंवा बांधकाम चालू असेल तर आणखी लवकर. राखाडी स्पंजसारखा असतो तो धुता येतो, पण पूर्ण वाळवूनच परत बसवायचा कारण ओलावा सरळ आत खेचला जातो. मशीनच्या आतलं काही आपल्याला धुता येत नाही हे लक्षात घ्या, त्यामुळे आत काय जाणार हे त्या एवढ्याशा फिल्टरवरच आहे. मशीन जमिनीवर किंवा पडद्याला चिकटून ठेवू नका, बाहेरून पुसायचं असेल तर प्लग काढून किंचित ओल्या फडक्यानं.

प्रश्न: सर्दी झाल्यावर मशीन लावावं का?

नाकानं श्वास घेता येत असेल तर लावा. त्या दिवसांत मास्क, नळी, टाकी तिन्ही रोज धुवा आणि बरं वाटल्यावर पांढरा फिल्टर बदला. नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: आमचे सासरे गेले, त्यांचं मशीन जवळजवळ नवीन आहे. काकांनाही हाच त्रास निघालाय, ते वापरू शकतील का? काकांना पेसमेकर आहे.

मशीन वापरता येऊ शकतं, पण आहे तसं उचलून लावायचं नाही. हवेचा दाब माणसागणिक ठरवलेला असतो, ही मशीनं साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब देतात आणि सासऱ्यांना १४ लागत असेल तर काकांना ७ पण पुरेल, ते त्यांच्या झोपेच्या तपासणीवरून डॉक्टरच ठरवणार. मास्क, नळी, टाकी, फिल्टर सगळं नवीन घ्या. मशीनच्या मागचा अनुक्रमांक कंपनीला कळवून ते परत मागवलेल्यांपैकी नाही ना हे विचारा, आणि आतून तपासून घ्या. जुन्या मशीनला सिगरेटचा वास येत असेल तर नाद सोडा, तो जात नाही.

आणि पेसमेकर आहे म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतो, बऱ्याच मास्कच्या पट्ट्यांना पटकन लागणारी चुंबकाची क्लिप असते. ते चुंबक पेसमेकरपासून किमान ६ इंच लांब राहायला हवेत, आणि झोपेत मास्क काढून छातीवर ठेवायची सवय तर कितीतरी जणांना असते. काकांसाठी बिनचुंबकाचाच मास्क मागा, साध्या हुकाचे मिळतात.