क्लोन केलेल्या दोन सर्व्हरना एकच आयपी का मिळतो, आणि टेंप्लेट नेमकं कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळच्या ऑफिसात प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) आहे, उबुंटू सर्व्हर नीट बसवून त्याचं टेंप्लेट, म्हणजे साचा, केलंत, त्यातून क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रती, काढलेत, आणि मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) वेगळे असूनही दोन क्लोन एकाच आयपीवर येतात. पुढे सर्व्हर आपोआप उभे राहावेत अशीही तुमची इच्छा आहे.

आधी आयपीचं. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडे (आयपी वाटणारी सेवा, बहुधा राउटरमध्येच असते) आयपी मागताना फक्त मॅक दाखवत नाही. इटीसी फोल्डरात मशीन-आयडी नावाची फाइल असते, तिच्यावरून तयार झालेली ओळख तो पुढे करतो. तुमच्या सगळ्या क्लोनमध्ये ही फाइल अक्षरशः एकच आहे, त्यामुळे राउटरला वाटतं, तोच गडी परत आलाय. टेंप्लेट करण्याआधी ही फाइल रिकामी करा. पुसून टाकू नका, शून्य बाइटची करून तशीच ठेवा. पहिल्या बूटला सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्यात नवा आकडा लिहितो. व्हार फोल्डरात डीबसचीही (प्रोग्रामांमध्ये निरोप पोचवणारी सेवा) एक मशीन-आयडी असते, ती या फाइलकडे नेणारी लिंक आहे ना, तेवढं बघून घ्या.

आपल्याकडे हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असं नाही, म्हणून आपण कलम बांधतो. कलमात मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरतात आणि खोड रोगट असेल तर रोगही उतरतो. क्लोनचं तंतोतंत तसंच आहे. म्हणून टेंप्लेट करताना मी एकच प्रश्न विचारतो: ही गोष्ट सगळ्या मशीनची आहे, की एका मशीनची? एका मशीनची असेल तर ती टेंप्लेटमध्ये राहता कामा नये, पहिल्या बूटला जन्माला यावी.

या कसोटीवर मशीन-आयडीनंतर पहिला नंबर एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याची पद्धत) होस्ट की-चा, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्यांचा. त्या सगळ्या क्लोनमध्ये सारख्या राहिल्या, तर एका मशीनची खासगी की हाती लागलेला माणूस बाकीच्या सगळ्या मशीनचं सोंग घेऊ शकतो. त्या पुसा, क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणारा प्रोग्राम) नव्या तयार करतो. नेटप्लॅनच्या (उबुंटूची नेटवर्क मांडणी) फाइलीत इन्स्टॉलरने जुना मॅक लिहून ठेवला असेल तर तोही काढा. शेवटी क्लाउड-इनिटची क्लीन आज्ञा लॉगसकट चालवा, नाहीतर त्याला वाटतं की आपलं काम आधीच झालंय आणि काही गोष्टी तो परत करत नाही. पासवर्ड आणि एपीआय की मात्र टेंप्लेटमध्ये कधीच टाकू नका. फाइल पुसली तरी डिस्कच्या ब्लॉकमध्ये मजकूर उरू शकतो, आणि तो प्रत्येक क्लोनबरोबर फिरतो.

आयएसओवरून (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) हाताने इन्स्टॉल करण्याची तर गरजच नाही. उबुंटू आणि डेबियन दोघेही तयार क्लाउड इमेज, म्हणजे आधीच सिस्टिम बसवलेली डिस्क, देतात. ती डिस्क व्हीएमला जोडा, क्लाउड-इनिटचा ड्राइव्ह लावा, सीरियल कन्सोल (मजकुराचा साधा पडदा) द्या आणि टेंप्लेट करा. उबुंटूच्या इमेजमध्ये क्यूएमयू गेस्ट एजंट (व्हीएमची आतली माहिती प्रॉक्समॉक्सला देणारा प्रोग्राम) नसतो, तो व्हर्ट-कस्टमाइझने (बंद डिस्क इमेजमध्ये बदल करणारं साधन) आत घालता येतो. इथे एक खाच आहे, तिने माझा एक अख्खा दिवस खाल्ला: मशीन-आयडी रिकामी दिसली की व्हर्ट-कस्टमाइझ स्वतःच तिच्यात आकडा लिहून ठेवतो! म्हणून त्याच आज्ञेच्या शेवटी ती फाइल पुन्हा रिकामी करायला सांगा.

स्वतः इन्स्टॉल करणारच असाल तर रूट पार्टिशननंतर (सिस्टिम असलेला डिस्कचा भाग) स्वॅप पार्टिशन (मेमरी कमी पडली तर वापरायची जागा) ठेवू नका. क्लोनची डिस्क वाढवली की क्लाउड-इनिट रूट पार्टिशन आपोआप ताणतो, पण पुढची जागा स्वॅपने अडवलेली असली की त्याला हलता येत नाही. स्वॅप फाइल करा.

आता जे सांगायचंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तिथल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळत होतो. 22 तारखेला तळमजल्यावरचं सगळं पाण्यात गेलं. डेटाचा बॅकअप रत्नागिरीत होता, तो सुखरूप राहिला. टेंप्लेटची प्रतही तिथे होती. पण ते टेंप्लेट मी दोन वर्षं हाताने घडवत आलो होतो: क्लोन काढायचा, काहीतरी सुधारायचं, परत टेंप्लेट करायचं. कधी काय बदललं याची नोंद कुठेच नव्हती. नव्या हार्डवेअरवर ते उठलं खरं, पण अर्ध्या सेवा आत कायमचा लिहिलेला जुना आयपी शोधत राहिल्या. घरात चिखल झालेली माणसं पैसे काढायला दारात उभी होती आणि मी फाइलमागून फाइल चाळत होतो. त्यात तीन दिवस गेले. ते चेहरे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून टेंप्लेट मी हाताने करत नाही. त्याची कृती लिहून ठेवतो आणि पॅकर नावाच्या साधनाकडून करून घेतो. पॅकर व्हीएम सुरू करतो, माणसाने कीबोर्डवर टाइप करावं तशा बूटच्या आज्ञा स्वतः देतो, ऑटोइन्स्टॉलच्या (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेल्या) फाइलवरून उबुंटू बसवतो (20.04 पासून सर्व्हरसाठी हीच पद्धत आहे), मग अँसिबल (लिहून दिलेल्या यादीप्रमाणे सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवणारं साधन) चालवतो, वर सांगितलेली साफसफाई करतो आणि टेंप्लेट तयार करून थांबतो. ही कृती गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) असते. टेंप्लेट हरवलं तरी कृतीवरून ते पुन्हा करता येतं. टेंप्लेटच्या नावात तारीख घालतो आणि दर महिन्याला नवं करतो, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा आपोआप आत येतात. क्लोन काढण्याचं काम टेराफॉर्म किंवा ओपनटोफूवर (लिहिलेल्या वर्णनावरून मशीन उभी करणारी साधनं) सोपवा. नाव, आयपी आणि एसएसएचची सार्वजनिक की तिथूनच क्लाउड-इनिटला मिळते.

टेंप्लेटमध्ये किती भरावं? माझ्या मते कमीत कमी: अपडेट केलेली सिस्टिम, गेस्ट एजंट, वेळ जुळवणारी सेवा, लॉग पाठवणारा एजंट. डेटाबेस, वेबसर्व्हर वगैरे अँसिबलला नंतर बसवू द्या. मात्र क्लाउड-इनिटचं काम संपेपर्यंत अँसिबलला थांबवून ठेवा (त्यासाठी स्टेटसच्या आज्ञेला वेटचा पर्याय आहे), नाहीतर दोघेही एकाच वेळी एपीटीचं (उबुंटूत पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) कुलूप धरायला जातात आणि पहिलीच पायरी कोसळते.

आपल्या भागात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली की पॅकेजं कुठून उतरवणार? मी एपीटीचा कॅशे, म्हणजे उतरवलेल्या पॅकेजांचा साठा, ऑफिसातल्याच एका मशीनवर ठेवतो आणि मिरगाच्या आधी एक टेंप्लेट संपूर्ण नव्याने करून तो भरून घेतो. घरात आगोटीची बेगमी करतो, तसंच हे.

क्लोन पूर्ण काढावा की लिंक्ड? चाचणीला लिंक्ड चालेल, क्षणात तयार होतो आणि जागाही कमी खातो. पण तो टेंप्लेटच्या डिस्कवर उभा असतो, म्हणून कायमच्या सर्व्हरसाठी पूर्ण क्लोनच घ्या. विंडोज असेल तर सिसप्रेप (मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) जनरलाइझ पर्यायासह चालवा आणि व्हर्टआयओ ड्रायव्हर (व्हीएमची आभासी डिस्क आणि नेटवर्क ओळखणारे) आधी बसवा.

नवं टेंप्लेट वापरात आणण्याआधी एकाच वेळी दोन क्लोन सुरू करा. दोघांची मशीन-आयडी, आयपी आणि होस्ट की-चे ठसे शेजारी शेजारी ठेवून बघा. काही सारखं निघालं तर टेंप्लेट नव्याने करा.

आज भांडणारे तुमचे दोन क्लोन मात्र मोडायची गरज नाही. त्यातल्या एकावर कन्सोलवरून जा, मशीन-आयडी रिकामी करा, होस्ट की पुसून ओपनएसएसएच सर्व्हरचं पॅकेज रीकॉन्फिगर करा आणि मशीन रीबूट करा. त्यानंतर एसएसएच करताना की बदलल्याचा इशारा येईल. या वेळी तो अपेक्षितच आहे, पण कन्सोलवर दिसणाऱ्या नव्या की-चा ठसा जुळवून मगच स्वीकारा.