फोल्डर गेले कुठे?

प्रश्न : ताई, मुलीच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेला होता. घरी येऊन लावला तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेत. एकावर क्लिक केलं तर उघडला पण. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. आईच्या साठीचे फोटो फक्त त्यातच आहेत हो, काय करू? – एक वाचक, बार्शी

उत्तर : फॉरमॅट अजिबात मारू नका! फोटो बहुतेक आहेत तिथेच आहेत. पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, ८ जीबीतले ५-६ जीबी भरलेले दिसले आणि समोरचे शॉर्टकट मात्र एक-दोन केबीचे असले की समजायचं, माल आत आहे, फक्त लपवलाय. हा व्हायरस करतो काय, तर तुमचे खरे फोल्डर हिडन करून टाकतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो, कोपऱ्यात बारीक बाण असतो बघा, तीच खूण. तुम्ही क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट चालते आणि मागोमाग खरा फोल्डर उघडतो, म्हणून तर माणसाला शंका येत नाही.

तुम्ही क्लिक केलंय, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरलाही लागलंय असंच धरून चला. आधी तो साफ करायचा, नाहीतर पेन ड्राइव्ह कितीही वेळा पुसला तरी लावला की परत तेच. पेन ड्राइव्ह काढून ठेवा, विंडोज सिक्युरिटी उघडून अपडेट करून घ्या आणि स्कॅन ऑप्शन्समधला ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आत तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा राहत नाही. मग पेन ड्राइव्ह लावा, न उघडता राइट क्लिक करून स्कॅन करा. त्यानंतर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमधे हिडन आयटम्स चालू करा. तरी नाही दिसलं तर फोल्डर ऑप्शन्समधली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स'ची टिक काढा, कधीकधी सगळा डेटा एका बिननावाच्या फोल्डरमधे कोंबलेला असतो. फक्त फोटो आणि डॉक्युमेंट कॉपी करा, शॉर्टकट नकोत. टिक परत लावून टाका आणि फॉरमॅट आत्ता मारा, आत्ता चालेल.

आणि साठीचे फोटो एकाच पेन ड्राइव्हवर?! आजच्या आज दुसरी कॉपी करा, तीही कॉम्प्युटरपासून काढून कपाटात ठेवा. दुकानात न्यायला वेगळा छोटा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात त्या दिवशीची पीडीएफ सोडून काही नको.

प्रश्न : पैसे भरून अँटीव्हायरस घ्यावाच लागतो का? मुलगा गेम्स फुकट उतरवतो, त्याने काही होतं का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : विंडोज १० आणि ११ मधे डिफेंडर येतोच, घरच्या वापराला तो पुरतो असं माझं मत आहे, फक्त अपडेट बंद करू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर कॉम्प्युटर लॉक केले तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारा अपडेट, मार्चमधेच आलेला होता, पण असंख्य लोकांनी तो टाकलाच नव्हता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा ११ चालत असेल तर करून घ्या.

खरी काळजी मला तुमच्या मुलाच्या गेम्सची वाटते. क्रॅक म्हणजे विकतचा गेम फुकट चालवायची फाइल, तिच्यासोबतच्या सूचना कधी वाचल्यात का, पहिलीच ओळ असते 'अँटीव्हायरस बंद करा'. आपण स्वतःच बंद करतो आणि स्वतःच आत घेतो! स्टॉप नावाचं रॅन्समवेअर असंच क्रॅकमधून पसरलं, फोटो, हिशोब, सगळ्या फाइल्सना कुलूप आणि किल्लीसाठी डॉलर मागतात. मुलाला अॅडमिन नसलेलं वेगळं खातं करून द्या, आणि फाइल एक्स्टेन्शन दिसतील असं ठेवा म्हणजे 'बिल.पीडीएफ'च्या मागे लपलेलं 'ईएक्सई', म्हणजे क्लिक केलं की चालणारा प्रोग्राम, दिसेल.

प्रश्न : नागपूरला बाबा एकटेच असतात. परवा स्क्रीनभर लाल पान आलं, भोंगा वाजायला लागला, या नंबरवर फोन करा म्हणे. त्यांनी केला नाही, पण फार घाबरलेत. – एक वाचक, पुणे

उत्तर : फोन केला नाही हे फार चांगलं केलं त्यांनी, त्यांना नक्की सांगा. ते नुसतं वेब पान असतं, व्हायरस नाही. एस्केपची कळ दाबून धरली की फुल स्क्रीन सुटते, मग ब्राउझर बंद करायचा, नाहीच झाला तर पॉवरचं बटण दाबून धरायचं. खरी कंपनी असा नंबर स्क्रीनवर दाखवत नाही. फोन केला की ते एनीडेस्क, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचं अॅप, टाकायला लावतात आणि मग बँकेचं खातं उघडायला सांगतात. कधी पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, तासभर पण थांबायचं नाही. हा आकडा आणि तुमचा मोबाइल मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवून या.