पाठांतर नको, मूळ शोध

पुणे

बाळ, अनेक आशीर्वाद.

अप्पा बळवंत चौकातून आणलेली यादी पुढे ठेवून ‘टेक’ या एकाच इंग्रजी क्रियापदाचे इतके अर्थ लक्षात कसे ठेवायचे, असे तू विचारलेस तेव्हा तुझा चेहरा पडला होता. यादी पाठ करू नकोस, मूळ शोध.

हे क्रियापद मूळचे इंग्रजी नव्हेच. नवव्या शतकात इंग्लंडच्या पूर्व भागात वसलेल्या व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतले ‘टाका’, म्हणजे हाताने धरणे, हे त्याचे मूळ. त्याआधी इंग्रज लोक घेण्याला ‘निमान’ म्हणत. जर्मनमधले ‘नेमेन’ त्याचेच भावंड. नव्या शब्दाने जुन्याला हुसकावले, तरी चटकन पकडणारा तो ‘निंबल’ आणि जणू कोणी जखडून ठेवलेले अंग ते ‘नंब’, या दोन शब्दांत ते जुने क्रियापद अजून टिकून आहे.

हाताची ही पकड ध्यानात ठेवलीस, तर पुढचे अर्थ परके वाटणार नाहीत, कारण आपणही किल्ला घेतो, सल्ला घेतो आणि शपथही घेतो. तुझे अडले ते परीक्षेपाशी. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. इंग्रजीत विद्यार्थीच ती ‘टेक’ करतो, आणि आपण सवयीने ‘गिव्ह’ म्हणून मोकळे होतो. मला वाटते, तिथला विद्यार्थी परीक्षा अंगावर घेतो, असे समजलीस की ही चूक पुन्हा होणार नाही.

परीक्षा तोंडावर आली असताना एवढा वेळ कुठून काढू, हे तुझे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. पाठ केलेले महिनाभरात विसरते. म्हणून मूळ शोध. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून मी वर्षानुवर्षे बोलणी खाल्ली, पण शिकवण्याची ही रीत सोडली नाही आणि तेच योग्य होते, असे आजही ठामपणे वाटते. तुझ्या वयात मला हे सांगणारे कोणी भेटले नाही, याची मात्र खंत आहे.

ऑक्सफर्डचा मोठा कोश 1884 ते 1928 या काळात भागाभागाने निघाला. त्यात प्रत्येक अर्थाखाली उदाहरणे कालक्रमाने दिली आहेत. आपल्या डेक्कन कॉलेजातही 1948 पासून संस्कृतच्या कोशाचे काम याच ऐतिहासिक पद्धतीने चालले आहे. शब्दांची उदाहरणे नोंदलेल्या तिथल्या चिठ्ठ्या एकदा पाहून ये.

रविवारी येण्याआधी ‘गेट’ हे क्रियापद पाहून ठेव. तेही नॉर्समधूनच आले. ‘फर्गेट’ मात्र जुन्या इंग्रजीतले आहे. दोघांचे नाते काय, ते मला तू सांगायचेस.