आधी निकष, मग नाव

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी अस्वस्थ झाले आणि खरे सांगायचे तर थोडी चिडलेही. पूर्वग्रहाविषयीच्या कार्यशाळेत तू संगणकावर ती अव्यक्त संबंध चाचणी (आयएटी) दिलीस, पुरुष आणि करिअर, स्त्री आणि घर अशा जोड्या लावताना तुझी बोटे अधिक वेगाने चालली आणि तुझ्या मनात अव्यक्त, म्हणजे स्वतःलाही न जाणवणारा, पूर्वग्रह असल्याचा निष्कर्ष पडद्यावर उमटला. तेवढ्यावरून तू नोकरभरतीच्या निवड समितीतून नाव काढून घेण्याची भाषा करतो आहेस. भेदभाव वाईट असतो हे तुला पटवण्यात मी वेळ घालवणार नाही. ते पटले नसते तर तू इतका खचलाच नसतास. माझे सांगणे एवढेच आहे की समिती सोडू नकोस आणि उमेदवाराचे नाव डोळ्यांसमोर येण्याआधी निकष कागदावर लिहून काढ.

आधी त्या चाचणीविषयी. मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९८ मध्ये मांडली. प्रतिसादाला लागणारा वेळ ती मिलिसेकंदांत मोजते आणि मोठ्या समूहांचा कल समजून घ्यायला तिचा उपयोगही होतो. पण एकाच माणसाने ती दोनदा दिली तर दोन्ही वेळचे आकडे बरेच वेगळे येऊ शकतात. अमुक एक माणूस भेदभाव करेल की नाही हे ठरवण्यासाठी असे मापन वापरणे अडचणीचे आहे, असे ग्रीनवाल्ड, महझरीन बानाजी आणि ब्रायन नोसेक या तिच्या जाणकारांनीच २०१५ मध्ये लिहिले. ज्यांनी ती घडवली आणि वाढवली त्यांनाच जो निवाडा देववत नाही, तो तू स्वतःविरुद्ध देऊन मोकळा झालास.

आधी मन स्वच्छ करतो, मग समितीत बसतो, असे तू लिहिले आहेस. हे वाक्य वाचून मला सर्वांत जास्त राग आला. मन बदलण्याचे प्रयोग झाले आहेत. काल्व्हिन लाय आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असे नऊ उपाय तपासले. प्रत्येकाचा परिणाम लगेच दिसला आणि काही तासांत किंवा काही दिवसांत ओसरला. पुढे २०१९ मध्ये सुमारे पाचशे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा चाचणीतले आकडे हलवता येतात, पण त्यामुळे माणसाचे वागणेही बदलते असा पुरावा हाती लागला नाही. तेव्हा तू मन धूत बसशील आणि तोवर तुझ्या खुर्चीत असा कोणी बसेल ज्याला स्वतःबद्दल कसलीच शंका येत नाही. त्याने कोणाचे भले होणार आहे?

एरिक उलमान आणि जेफ्री कोहेन यांचा २००५ मधला प्रयोग मी वर्षानुवर्षे प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगत आले आहे, तो तुलाही सांगते. पोलीसप्रमुखाच्या पदासाठी पुरुष आणि स्त्री उमेदवार लोकांसमोर ठेवले गेले. काहींकडे रस्त्यावरच्या कामाची जाण होती, काहींकडे शिक्षण. कोणाकडे काय आहे याची अदलाबदल केली जात होती. शिक्षण पुरुषाकडे असले की लोकांना ते या पदासाठी महत्त्वाचे वाटे आणि तेच शिक्षण स्त्रीकडे असले की त्याचे वजन घटे. आपण स्त्रीला डावलतो आहोत असे त्यांना वाटत नसावे. आपण गुणवत्ता पाहतो आहोत असेच त्यांना वाटत असावे आणि ज्यांना स्वतःच्या वस्तुनिष्ठतेची खात्री अधिक, त्यांचाच कल अधिक झुकलेला होता. मात्र उमेदवार पाहण्याआधीच कशाला किती महत्त्व द्यायचे हे ठरवून घ्यायला लावले, तेव्हा तो भेद उरला नाही. माणसे तशीच होती, त्यांची मनेही तशीच होती. बदलला होता तो फक्त क्रम.

मुलाखतीच्या खोलीत हे कसे घडते ते मी फार जवळून पाहिले आहे. सकाळी एक तरुण येऊन गेला, त्याचा अनुभव जाहिरातीत मागितला होता त्याहून कमी होता. दार लागताच समितीतले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "मुलगा तयार होईल, उमेद आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि मग गुणपत्रके भरली. दुपारी तेवढ्याच अनुभवाची एक स्त्री आली, तिने उत्तरेही अधिक नेमकी दिली. दार लागले आणि त्याच गृहस्थांनी तितक्याच सद्भावनेने म्हटले, "अनुभव जरा कमी पडतोय." पुन्हा माना डोलल्या. मी सकाळचे गुणपत्रक काढून दुपारच्या कागदाशेजारी ठेवले आणि अनुभवाच्या रकान्यावर बोट ठेवले. बराच वेळ कोणी बोलले नाही. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. आपण सकाळी काय बोललो होतो, हे त्यांना खरोखरच आठवत नव्हते.

म्हणून पुन्हा सांगते, निकष आधी लिही. या कामासाठी नेमके काय यायला हवे, ते कशावरून ओळखायचे आणि प्रत्येकाला किती गुण द्यायचे, हे सगळे अर्जांची फाईल उघडण्याआधी ठरले पाहिजे. सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचार. गुण प्रत्येकाने एकट्याने भरावेत आणि कागद गोळा झाल्यानंतरच चर्चा सुरू करावी, नाहीतर जो पहिला बोलतो त्याचे मत समितीचे मत होते. "टीममध्ये बसेल का?" हा प्रश्न कोणी काढला तर बसणे म्हणजे काय ते त्याला लेखी विचार.

नाव झाकले की काम झाले, असेही समजू नकोस. नावाने फरक पडतो हे खरेच आहे. मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांच्या २००४ च्या अमेरिकेतील अभ्यासात, अर्ज सारखेच असताना गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांच्या २००७ च्या भारतातील अभ्यासात सारख्याच पात्रतेच्या अर्जांवर दलित आणि त्याहूनही अधिक मुस्लीम नावे मागे पडली. पण छाननीत झाकलेले नाव मुलाखतीत माणूस होऊन समोर बसते आणि तेव्हा आधी लिहिलेला कागदच कामी येतो. तो कागदही तपासावा लागतो, हे मला मान्य आहे. 'सलग दहा वर्षे नोकरी' असा निकष लिहिलास तर मूल वाढवण्यासाठी किंवा आजारी माणसाच्या सेवेसाठी थांबलेली प्रत्येक व्यक्ती तू दारातच अडवलीस. पण लिहिलेला निकष चुकीचा असेल तर त्यावर बोट ठेवता येते. मनातल्या निकषाला कोण हात लावणार?

कार्यशाळांवर माझा राग नाही, त्यांवर विसंबून राहण्यावर आहे. फ्रँक डॉबिन, अलेक्झांड्रा कालेव्ह आणि एरिन केली यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील ७०८ खासगी आस्थापनांची अनेक वर्षांची माहिती तपासली. प्रशिक्षणाने व्यवस्थापनातले वैविध्य फारसे वाढले नव्हते. ज्यांनी ही जबाबदारी ठरावीक व्यक्तींवर किंवा समितीवर सोपवली, तिथे ते अधिक वाढले होते. 'आमच्याकडे फक्त गुणवत्ता चालते' या घोषणेचाही भरवसा धरू नकोस. एमिलिओ कास्तिया आणि स्टीफन बेनार्ड यांच्या २०१० च्या प्रयोगांत, संस्था गुणवत्तेला मानते असे ठासून सांगितल्यावर व्यवस्थापकाच्या भूमिकेतल्या सहभागींनी सारख्याच कामगिरीच्या स्त्रीपेक्षा पुरुषाला अधिक बोनस दिला.

या आग्रहापायी मला किती नावे ठेवली गेली, ते तुझ्या कानावर आलेच असेल. हिला माणसे कळत नाहीत, फक्त रकाने कळतात, असे म्हणत. कामे रेंगाळतात अशी वरपर्यंत तक्रार गेली, एक बढतीही हुकली. त्याचे मला दुःख नाही आणि आज पुन्हा त्या खुर्चीत बसवले तरी मी तेच करेन. माणसे कळतात असे छातीठोकपणे म्हणणाऱ्यांनी कोणाला परत पाठवले आणि का, याचा एकही कागद मागे ठेवलेला नाही. माझ्या प्रत्येक नकाराचे कारण मी लिहिलेले आहे. खंत आहे ती वेगळीच. ही पद्धत नियमात बसवण्याचा अधिकार मला कधी मिळाला नाही. ती माझ्या हट्टावर चालली आणि मी निघाल्यावर ते तक्ते कपाटात गेले. म्हणून तू नुसता हट्टी होऊन भागणार नाही. पहिल्याच बैठकीत हा क्रम समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घे आणि त्यावर सर्वांच्या सह्या घे.

साहेबांना हे आवडणार नाही, अशी भीती तू पत्राच्या शेवटी लिहिली आहेस. नसेल आवडत. त्यांच्याशी पूर्वग्रहावर वाद घालू नकोस. त्यात ते दुखावतील आणि तू थकशील. एकच विनंती कर, की यावेळचे निकष जाहिरातीबरोबरच ठरवू या. त्यांनी कारण विचारले तर निवडीला कोणी आव्हान दिल्यास समितीच्या हाती कागद असेल, असे सांग; तेही खरेच आहे. तक्त्याचा कच्चा मसुदा आधी मला पाठव, मी खुणा करून परत करते. आणि राजीनाम्याचे ते पत्र दिले नसशील, तर फाडून टाक.

तुझी,
एक जुनी सहकारी