फ्रेंच टेनिसपटू सुझान लाँग्लेन पहिल्या महायुद्धानंतर एकेरीत खरंच एकदाच हरली का?

हो, १९१९ ते १९२६ या हौशी कारकिर्दीत ती एकेरीचा एकच सामना हरली: १९२१ ची अमेरिकन स्पर्धा, फॉरेस्ट हिल्स, दुसरी फेरी, समोर मोला मॅलरी. पहिला सेट २-६ गेला आणि दुसरा नुकताच सुरू झालेला असताना खोकून बेजार झालेल्या सुझानने सामना सोडला. प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली, पण अधिकृत नोंदीत तो पराभवच आहे. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिने मॅलरीला ६-२, ६-० असं अर्ध्या तासाच्या आत संपवलं.

आकडा एवढा कमी राहिला यात नशिबाचाही वाटा आहेच. १९१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्सकडे दोन मॅच पॉइंट, म्हणजे एका गुणात सामना जिंकण्याच्या संधी, होते. त्यातला एक वाचला तो रॅकेटच्या लाकडी कडेला लागून कसाबसा जाळ्यापलीकडे पडलेल्या चेंडूमुळे. शेवटी सुझान १०-८, ४-६, ९-७ जिंकली. तो सामना मला तिच्या सगळ्या एकतर्फी विजयांपेक्षा मोठा वाटतो.

एक मात्र लक्षात घ्या: न खेळता दिलेली पुढे चाल या हिशेबात धरत नाहीत. १९२४ मध्ये आजारपणामुळे तिने विम्बल्डनची उपांत्य फेरी खेळलीच नाही, आणि १९२६ मध्येही स्पर्धा अर्ध्यावर सोडली. म्हणून 'एकच पराभव' बरोबर, पण 'प्रत्येक स्पर्धा जिंकली' म्हणणं चूक.