वाचकांचे प्रश्न : आजाराचे नाव कोणाला सांगावे?

प्रश्न : आम्ही राजापूर तालुक्यातले. माझ्या धाकट्या भावाला तीन वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. नियमित औषधांनी तो सावरला असून आंब्याच्या हंगामात पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला जातो. गेल्या हंगामात त्याने भरलेल्या पेट्या कमी मोजल्या गेल्याचे त्याचे म्हणणे होते आणि त्यावरून तो मुकादमाशी मोठ्याने भांडला, तेव्हा सगळी शेड हसली : ‘आज गोळी चुकली वाटतं!’ आजाराचे नाव वाडीत आम्हीच सांगितले होते. ते चुकले का? आता त्याला एक स्थळ आले आहे आणि मध्यस्थ म्हणतात, या गोष्टीची वाच्यता करू नका. आई अजून गुरवाकडे कौल लावते. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे : पेट्या खरोखरच कमी मोजल्या गेल्या होत्या का? पेट्या मोजता येतात, त्यांची वहीत नोंद असते. तरीही ती वही उघडून पाहावी असे शेडमध्ये कोणालाही सुचले नाही आणि बहुधा आपल्या घरातही सुचले नसावे. निदान माणसाला चिकटते ते असे. इतरांच्या रागामागे कारण असते. याच्या रागामागे मात्र आजारच असणार, असे सर्वांनी आधीच ठरवून टाकलेले असते. मजुरी बुडाल्यावर चिडणे हे आजाराचे लक्षण नव्हे. सलग काही रात्री झोप न लागणे, आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे असा संशय वाढत जाणे, एकट्यानेच बोलणे किंवा अंघोळ-जेवणाची शुद्ध न राहणे, अशा खुणा एकत्र दिसू लागल्या तर तारखेनिशी टिपून ठेवाव्यात आणि डॉक्टरांना दाखवाव्यात. पण तो जरा आवाज चढवून बोलला की ‘गोळी घेतलीस ना?’ असे विचारणे आधी घरात थांबले पाहिजे, कारण वाडी बहुतेक वेळा घरचेच ऐकून बोलते.

नाव सांगितल्यामुळे सारे बिघडले असे मला वाटत नाही. त्याआधीही वाडीने त्याला काही ना काही म्हटलेच असेल. ‘बाहेरचं आहे’ हेही एक निदानच, फक्त त्यावर गोळी नसते. मात्र नाव कसे सांगितले याने फरक पडतो. ‘मेंदूतला बिघाड आहे, त्याचा काय दोष?’ असे समजावल्यावर लोक मायेने वागतील, अशी घरच्यांची भाबडी अपेक्षा असते. अनेक देशांतील पाहण्यांत आढळलेले चित्र थोडे निराळे आहे : अशा स्पष्टीकरणाने रुग्णाला दोष देणे कमी होते, पण हा कधीच बरा होणार नाही ही समजूत बळावते आणि लोक चार हात दूरच राहतात. म्हणून सांगायचेच असेल तर त्याला काय त्रास होत होता, तो कशाने कमी झाला आणि आज तो कोणते काम करतो, हे सांगावे. जपानमधील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये याच आजाराचे, ‘मन दुभंगणे’ अशा अर्थाचे जुने नाव बदलले, तेव्हा निदान सांगितल्या गेलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन-तीन वर्षांत सुमारे एकतृतीयांशावरून दोनतृतीयांशावर गेले. डॉक्टरांची जीभ मोकळी झाली, हा लाभ लहान नाही. पण शेजाऱ्यांची वागणूक तेवढ्याने आपोआप पालटते असे नव्हे.

कोणाला सांगायचे हे मात्र भावाने ठरवावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ (तो २९ मे २०१८ पासून लागू आहे) रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कोणाला आज मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विम्याचे संरक्षण द्यावे, ही तरतूद त्याच कायद्यातली. विमा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला हवा असेल, तर कागदावर निदान स्पष्ट शब्दांत असावे लागते. तेथे संकोच करू नये.

लग्नाच्या बाबतीत मध्यस्थांचे मुळीच ऐकू नका. साखरपुड्याच्या आधी, भावाने स्वतः, मुलीला सांगावे आणि तिची इच्छा असल्यास तिला डॉक्टरांकडे नेऊन तिच्या शंका विचारू द्याव्यात. महत्त्वाची बाब लपवून केलेला विवाह हिंदू विवाह कायद्याखाली रद्द होऊ शकतो, हा धोका आहेच. त्याहून मोठा धोका म्हणजे लपवाछपवीत गोळ्या आधी चोरून घेतल्या जातात, मग बंद होतात आणि आजार उलटतो. सांगितल्याने स्थळ मोडेलही. पण निदान म्हणजे संसाराचा शेवट, असे कायदाही मानत नाही : केवळ स्किझोफ्रेनियाचा शिक्का असणे घटस्फोटाला पुरेसे नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे.

आईच्या कौलावरून घरात वाद घालू नका. देवाकडे गाऱ्हाणे खुशाल घालू दे. गोळी चुकणार नाही, एवढे तिच्याकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : मी सिंधुदुर्गातील एका शाळेत शिक्षिका आहे. मुले एकमेकांना सर्रास ‘हेका रत्नागिरीक धाडूक व्हयो’ म्हणून चिडवतात. वर्गातल्या एका मुलीचे वडील तिथल्या मनोरुग्णालयात दाखल असल्याचे कळल्यापासून ती शाळेत येत नाही.

उत्तर : मुंबईकर ठाण्याचे, पुणेकर येरवड्याचे नाव घेऊन जी थट्टा करतात, तीच ही. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी रत्नागिरीचे एक आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो, सकाळी येऊन औषधे घेऊन संध्याकाळच्या एसटीने घरी परतणारेही असतात, हे मुलांना ठाऊक नसते. ते अवश्य सांगा, पण ती मुलगी परत आल्याच्या दिवशी नव्हे, नाहीतर व्याख्यान कोणासाठी आहे हे सगळ्या वर्गाला कळेल. चिडवणाऱ्या दोघा-तिघांशी वेगळे बोला. तिच्या आईला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक द्या, त्यावर मराठीतही बोलता येते. आणि तिच्या मैत्रिणींपैकी जी विश्वासाची असेल तिच्या हाती बुडालेल्या अभ्यासाच्या वह्या पाठवा, वडिलांविषयी काहीही न विचारता.